बेसिनच्या जाळीखाली

घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यात छोट्या नर्सिंग होमची कमी नाही. जागा तोकडी असली की एकाच बेसिनवर हातही धुतले जातात, उरलेलं सलाइनही ओतलं जातं आणि चहाचे कपही विसळले जातात. सलाइनमधलं ग्लुकोज, दूध, चहा हे जाळीखालच्या वाकड्या पाइपातल्या जंतूंचं आयतं खाद्य. तिथे पाणी कायम साचलेलं असतं. बुळबुळीत थर वाढत वर सरकतो. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या 2017च्या प्रयोगात तो दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटर चढला. जाळीपर्यंत आला की नळाच्या धारेबरोबर तुषार बाहेर.

टोरांटोतल्या एका बड्या रुग्णालयाला हे फार महागात पडलं. 2004 ते 2006 दरम्यान तिथे 36 रुग्णांना स्युडोमोनास जंतूची बाधा झाली, काही दगावले. बेसिनमध्ये चमकणारा रंग ओतून पाहिला, तर थेंब मीटरभर लांब सापडले! नुसत्या जंतुनाशकाने भागलं नाही. धारेचा जोर कमी केला, ती थेट जाळीवर पडणार नाही असं पाहिलं, शेजारी आडोसा बसवला, तेव्हा साथ थांबली.

आडोशाला खर्च फारसा नाही. मीटरभर मोकळी जागा मात्र छोट्या दवाखान्यात मिळणं अवघड, आणि इंजेक्शनचा ट्रे ठेवायला सोयीचा कट्टा नेमका बेसिनलाच लागून असतो.