बंदिवासातील पैदास म्हणजेच संवर्धन नव्हे

बंदिवासातील पैदास (दुर्मीळ प्राण्यांची माणसाच्या देखरेखीखाली वीण वाढवणे) झाली की प्रजाती वाचली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ती रोपवाटिकेसारखी असते: रोपे मिळतात, पण त्यांच्या मातीतून रोगही शेतात जाऊ शकतो.

स्पेनच्या मायोर्का बेटावरील भेक (बेडकाचा कोरड्या त्वचेचा भाईबंद) आधी जीवाश्मांवरून ज्ञात होता. पुढे तो जिवंत सापडला. १९८९पासून पैदास केलेले भेक तेथे सोडले गेले. त्यांच्याबरोबर कायट्रिड (उभयचरांच्या त्वचेला ग्रासणारी बुरशी) आणि तिचा रोगही पोहोचला. संशोधकांनी बाधित डोहांतले भेकशिशू बाहेर काढून त्यांना बुरशीनाशकाने अंघोळ घातली, डोह निर्जंतुक केले. २०१५ साली या उपायाचे यश प्रसिद्ध झाले. म्हणून प्राणी सोडण्याआधी रोगतपासणी आणि सोडल्यानंतर अधिवासावर देखरेख, दोन्ही आवश्यक आहेत.