काळ्या वाळूची कंपनी

१९०९ साली त्रावणकोर संस्थानातून जर्मनीत गेलेल्या काथ्याला थोडी वाळू चिकटलेली होती. सी. डब्ल्यू. शॉम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाने ती तपासली आणि तिच्यात त्याला मोनाझाइट सापडले. युरोपातल्या शहरांत तेव्हा रस्ते आणि घरे गॅसच्या दिव्यांनी उजळत. त्या दिव्याच्या ज्योतीवरची पांढरी जाळी म्हणजे मॅन्टल. आपल्याकडे वरातीत डोक्यावर घेतलेल्या गॅसबत्त्यांमध्येही हेच मॅन्टल असे. ते बनवायला थोरियम लागे आणि थोरियम मोनाझाइटमध्ये असते. शॉम्बर्ग काथ्याचा माग काढत भारतात आला आणि कन्याकुमारीजवळ मणवालकुरिचीला त्याने वाळू चाळण्याचा कारखाना उभारला. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी त्याला अटक केली आणि हा धंदा त्याच्या हातून गेला.

मणवालकुरिचीत आजही वाळू चाळली जाते. आता ते काम आयआरईएल म्हणजे पूर्वीची इंडियन रेअर अर्थ्स लिमिटेड ही केंद्र सरकारची कंपनी करते. केरळात चवरा आणि आलुवा, तामिळनाडूत मणवालकुरिची, ओडिशात छत्रपूर असा तिचा पसारा आहे, पण मुख्य कार्यालय मुंबईत प्रभादेवीला, सिद्धिविनायक मंदिरासमोर आहे. रोज हजारो माणसे त्या इमारतीवरून दर्शनाला जातात. विजेवरच्या गाडीची मोटर, पवनचक्की, क्षेपणास्त्राची दिशा सांभाळणारे यंत्र यांना लागणाऱ्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा देशातला सगळा कारभार तिथून चालतो, हे त्यांतल्या थोड्यांनाच माहीत असेल.

ही कंपनी थोरियमसाठी जन्मली, ही गोष्ट विसरली तर तिचा पुढचा इतिहास कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुऊर्जेच्या संदर्भात थोरियमकडे जगाचे लक्ष गेले आणि त्रावणकोरची किनारपट्टी एकाएकी राजकारणाचा विषय झाली. दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर संस्थान स्वतंत्र ठेवू पाहत होते, तेव्हा मोनाझाइट हा त्यांच्या हातातला मोठा पत्ता होता. १९४७ च्या जुलैत त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यानंतर त्रावणकोर भारतात सामील झाले. पुढे १८ ऑगस्ट १९५० रोजी भारत सरकार आणि त्रावणकोर-कोचीन राज्य यांच्या भागीदारीत ही कंपनी स्थापन झाली. आलुव्याचा कारखाना फ्रेंच कंपनीच्या तांत्रिक मदतीने उभा राहिला आणि डिसेंबर १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. मोनाझाइट फोडून मिळणाऱ्या थोरियमचे शुद्धीकरण करणारा कारखाना १९५५ मध्ये तुर्भ्याला सुरू झाला. परदेशी तंत्र, केरळची वाळू आणि मुंबईचे संशोधन असे त्रिस्थळी काम सत्तर वर्षांपूर्वीच उभे राहिले होते. आज राष्ट्रीय सहकार्य आणि आंतरराष्ट्रीय भागीदारी हे शब्द नव्याने ऐकू येतात, पण या कंपनीला ते नवे नाहीत.

त्या भागीदारीचे चटकेही तिला लवकर बसले. १९५३ मध्ये कंपनीचे थोरियम नायट्रेट पोलंडच्या जहाजातून चीनकडे रवाना झाले. साम्यवादी देशांना युद्धोपयोगी माल देणाऱ्या राष्ट्राची मदत थांबवण्याचा कायदा अमेरिकेत होता, त्यामुळे भारताला मिळणारी मदतच धोक्यात आली. आमच्या व्यापारावर दुसऱ्याच्या अटी चालणार नाहीत, अशी नेहरूंची ठाम भूमिका होती. बऱ्याच पत्रापत्रीनंतर पेच सुटला. कळीच्या खनिजांचा व्यापार हा परराष्ट्र धोरणाचाच भाग असतो, हा धडा या कंपनीने दोन-तीन वर्षांच्या वयातच घेतला.

वाळू वेगळी कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. केरळात हिला करिमणल म्हणतात, म्हणजे काळी वाळू. हा काळेपणा इल्मेनाइटचा, म्हणजे टायटॅनियमच्या खनिजाचा. त्याच्यासोबत रुटाइल, झिरकॉन, गार्नेट, सिलिमनाइट आणि मधासारख्या रंगाचे मोनाझाइट असते. पावसाळ्यात लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड कण किनाऱ्यावर राहतात. म्हणजे चाळणीचे पहिले काम समुद्रच करतो. छत्रपूरला तळ्यात तरंगणारा ड्रेज वाळू खेचून घेतो. मग पाण्याबरोबर ती वळणावळणाच्या पन्हळींतून खाली सोडतात आणि जड कण आतल्या बाजूला सरकतात. त्यानंतर प्रत्येक खनिजाचा स्वभाव कामी येतो. इल्मेनाइट आणि रुटाइल विजेचे वाहक आहेत, मोनाझाइट आणि झिरकॉन नाहीत, म्हणून उच्च दाबाच्या विजेने ते वेगळे पडतात. मोनाझाइट किंचित चुंबकीय आहे, झिरकॉन अजिबात नाही, म्हणून तीव्र चुंबक त्यांना अलग करतो. इथपर्यंत रसायनाचा थेंबही लागत नाही.

खरे काम त्याच्या पुढे आहे. मोनाझाइट म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा आणि थोरियमचा फॉस्फेट. दळलेले मोनाझाइट कडक कॉस्टिक सोड्यात शिजवले की फॉस्फेट सुटून ट्रायसोडियम फॉस्फेट मिळते, ते साफसफाईच्या द्रव्यांत खपते. उरलेला हायड्रॉक्साइडचा गाळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून थोरियम बाजूला काढून साठवतात आणि किरणोत्सारी अंश काढून टाकतात. हाती येतो मिश्र क्लोराइडचा द्राव. त्यात लँथॅनम, सेरियम, प्रासिओडिमियम, निओडिमियम, समॅरियम अशी सगळी भावंडे एकत्र असतात आणि त्यांना वेगळे करणे हा रसायनशास्त्रातला अतिशय चिवट उद्योग आहे. आवर्तसारणीत शेजारी बसलेल्या या मूलद्रव्यांचे आयन आकाराने जवळपास सारखे असतात. फरक असतो तो नखभर. तो नखभर फरक पकडण्यासाठी द्राव आणि केरोसीनमध्ये मिसळलेला सेंद्रिय आम्लाचा द्रव एकमेकांत घुसळतात, मग स्थिर होऊ देतात. वजनदार मूलद्रव्य केरोसीनकडे थोडे जास्त झुकते. एकदा घुसळून काही होत नाही. अशा शेकडो टाक्यांची रांग लावून दोन्ही द्रव उलट दिशांनी वाहते ठेवावे लागतात आणि रांगेच्या एका टोकाला शुद्ध निओडिमियम यायला आठवडेच्या आठवडे जातात. एका टाकीतले आम्ल बिघडले तर पुढची सगळी रांग बिघडते. पुस्तकात वाचून हे येत नाही. माणसांच्या हाताला वळण लागावे लागते, आणि कारखाना बंद राहिला की ते वळणही जाते.

आणि कारखाना बंद राहिलाच. १९८० नंतर चीनने ही विद्या राष्ट्रीय धोरण म्हणून जोपासली आणि १९९० च्या दशकात इतक्या स्वस्तात माल बाजारात आणला की बाकीच्यांचे कारखाने एकेक करून थांबले. आयआरईएलनेही २००४ मध्ये मोनाझाइटवर प्रक्रिया थांबवली. त्या दिवशीच्या हिशेबात तो निर्णय योग्य वाटला असेल, पण मला तो या कंपनीच्या इतिहासातला सर्वांत महाग निर्णय वाटतो. साठ्यात भारत जगातल्या पहिल्या काही देशांत आहे. सरकारी अंदाजाप्रमाणे किनाऱ्यांवर आणि आतल्या वाळूत मिळून सुमारे १.३ कोटी टन मोनाझाइट आहे आणि त्यात दुर्मिळ मृदांचे ऑक्साइड ७० लाख टनांहून अधिक आहे. हे साठे असलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्रही येतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू आहेच. मात्र साठा आणि उद्योग यांच्या मधली दहा वर्षे आपण गमावली.

जाग आणली ती जपानने. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौकेची जपानी गस्तनौकांशी टक्कर झाली, आणि त्या तणावात चीनकडून जपानला जाणारा दुर्मिळ मृदांचा पुरवठा अडला. जपानने त्यानंतर जे केले त्याचा अभ्यास आपल्याकडे शाळेत व्हायला हवा. त्यांनी करारांवर सह्या केल्याच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पैसा ओतला. २०११ मध्ये सरकारी संस्था आणि सोजित्झ कंपनी यांनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीला २५ कोटी डॉलरचा आधार दिला. त्यातून मलेशियातल्या शुद्धीकरण कारखान्याला बळ मिळाले आणि त्याचा माल वर्षानुवर्षे घेण्याची हमीही दिली गेली. बाजारभाव कोसळल्यावरही तो आधार काढून घेतला नाही. चीनवरचे जपानचे अवलंबित्व सुमारे ९० टक्क्यांवरून ६० च्या आसपास आले.

त्याच शोधात जपान आयआरईएलकडे आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये दोन्ही सरकारांनी करार केला. विशाखापट्टणमजवळ टोयोटा त्सुशोच्या उपकंपनीने शुद्धीकरण कारखाना उभारला आणि ओडिशातल्या आयआरईएलच्या कारखान्यातून त्याला मिश्र क्लोराइड मिळू लागले. आयआरईएलचे यंत्र पुन्हा फिरू लागले ते या मागणीमुळे, याचे श्रेय जपानला द्यायलाच हवे. पण या करारातून काय मिळाले नाही, तेही पाहायला हवे. आपण पाठवला तो मधल्या टप्प्यावरचा माल. निओडिमियमचा ऑक्साइड जपानला गेला, तिथे त्याचा धातू झाला, धातूचा मिश्रधातू झाला, मिश्रधातूचे मोटरमध्ये लागणारे चुंबक झाले. भारतात चुंबक बनवणारा मोठा कारखाना नव्हता, म्हणजे देशात गिऱ्हाईकच नव्हते. गिऱ्हाईक नाही म्हणून कारखाना नाही आणि कारखाना नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, असा पेच वर्षानुवर्षे राहिला.

ऑक्साइड ते चुंबक या वाटेवर किती पायऱ्या आहेत? वितळलेल्या फ्लोराइड क्षारांत हजार अंशांच्या वर विजेने धातू वेगळा काढायचा. लोह आणि बोरॉन मिसळून पातळ पट्ट्या ओतायच्या. हायड्रोजन शोषायला लावून त्या ठिसूळ करायच्या, तीन-चार मायक्रॉनपर्यंत दळायच्या. ही पूड हवेत पेट घेते म्हणून सगळे नायट्रोजनच्या आवरणात. मग चुंबकीय क्षेत्रात दाबून भाजायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक शोधला. चार दशकांनंतरही आपल्या देशात त्याचे मोठे उत्पादन नव्हते.

याची किंमत २०२५ मध्ये दिसली. ४ एप्रिलला चीनने समॅरियम, डिस्प्रोसियम, टर्बियम यांच्यासह सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. काही महिन्यांत पुण्याच्या बजाज ऑटोला चेतक या विजेवरच्या स्कूटरचे उत्पादन चुंबकांअभावी कमी करावे लागले. जूनमध्ये बातमी आली की जपानला जाणारा माल थांबवून देशासाठी राखावा, असे केंद्राने आयआरईएलला सांगितले आहे. त्या निर्णयामागची गरज मला कळते. पण ज्या भागीदाराने पडत्या काळात मागणी दिली, त्याच्याशी नाते तोडून नव्हे, तर बदलून पुढे जायला हवे. ऑक्साइडऐवजी चुंबकाचे तंत्र आणि भांडवल हा आता वाटाघाटींचा विषय हवा.

देशातल्या देशात काही हातमिळवण्या चांगल्या झाल्या आहेत. विशाखापट्टणमला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात आयआरईएलने समॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना उभारला. तंत्र भाभा केंद्राचे आणि हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेचे. मे २०२३ मध्ये तो राष्ट्राला अर्पण झाला. क्षमता वर्षाला ३,००० किलो, म्हणजे संरक्षण आणि अवकाश यांच्यापुरती, पण मोनाझाइटपासून चुंबकापर्यंतची सगळी साखळी देशातच पुरी करणारा हा पहिला कारखाना आहे. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय कळीच्या खनिज अभियानाखाली आयआयटी मुंबई, आयआयटी हैदराबाद, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा, भुवनेश्वरची खनिज व पदार्थ तंत्रज्ञान संस्था अशी उत्कृष्टता केंद्रे ठरली. परदेशातल्या खाणींसाठी २०१९ पासून काबिल ही कंपनी आहे. तिच्यातल्या तीन भागीदारांपैकी खनिज समन्वेषण आणि सल्लागार कंपनी नागपूरची. काबिलने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात लिथियमचे पाच पट्टे घेतले. या यादीत माझा सगळ्यात जास्त विश्वास विशाखापट्टणमच्या छोट्या कारखान्यावर आहे, कारण तिथे प्रयोगशाळेने पायरी कारखान्याच्या हातात प्रत्यक्ष सोपवली.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. भारतीय मोनाझाइटमध्ये हलकी मूलद्रव्ये भरपूर, पण उष्णतेत चुंबक टिकवणारे डिस्प्रोसियम आणि टर्बियम अगदी थोडे. ती बाहेरूनच आणावी लागतील. किनाऱ्याचा प्रश्न तर अधिक नाजूक आहे. चवऱ्याजवळच्या आलप्पाड गावाची जमीन समुद्र आणि खाणकाम यांच्या मध्ये आकसत गेली आणि २०१८-१९ मध्ये तिथल्या मच्छीमारांनी मोठे आंदोलन केले. या पट्ट्यात नैसर्गिक किरणोत्सार जास्त आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राच्या दीर्घ अभ्यासात त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. पण लोकांची तक्रार मुख्यतः जमीन जाण्याची आहे आणि तिचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने चुंबक उत्पादनासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. लक्ष्य वर्षाला ६,००० टन. एका चुंबकात साधारण ३० टक्के वजन निओडिमियम आणि त्याच्या भावंडांचे असते, म्हणजे १,८०० टन धातू हवा. आयआरईएलचे २०२५-२६ चे उद्दिष्ट सुमारे ४५० टन निओडिमियमचे आहे आणि २०३० पर्यंत ते दुप्पट करायचे आहे. तसे झाले तरी जवळपास निम्मा भाग आणखी कुठून तरी मिळवावा लागेल. तो ऑस्ट्रेलियाकडून येईल, जुनी यंत्रे मोडून निघेल, की ओडिशाच्या नव्या किनारपट्ट्यांतून, हे प्रभादेवीच्या कार्यालयात पुढच्या चार-पाच वर्षांत ठरायचे आहे.