गाडी बंद पडली, दोष पंपाचाच का?



ऊस विकास विभागाने बेणे, खत आणि पाणी सोडून डिझेल पंपावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण रोपवाटिकेतली रोपे शेतावर जातात ती पिकअप गाडीतून, खताची पोती येतात ती तिच्यातूनच, आणि तोडलेला ऊस गव्हाणीपर्यंत येतो तोही डिझेलच्याच जोरावर. तुटलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटते आणि साखर मोडते. म्हणून तो २४ तासांच्या आत गाळला जावा असे आम्ही नेहमी सांगतो. वाटेत गाडी अडली की नुकसान एकट्या गाडीवाल्याचे होत नाही. उतारा घटला की ते सर्वांच्याच पदरात पडते.

हा लेख लिहिण्यास एक कारण घडले, आणि त्यात चूक आमचीही आहे. मागच्या पूर्वहंगामी लागणीच्या वेळी आपल्या एका सभासदांची पिकअप को ८६०३२ ची रोपे घेऊन निघाली आणि चढावर दम तोडून बंद पडली. पाच-दहा मिनिटे थांबले की चालू होई, पुन्हा चढाला बंद. आम्ही सोबत होतो. मोठ्या जाणतेपणाने आम्हीच सांगून टाकले, "पंप गेला, उतरवून घ्या." त्यांनी ऐकले. पंप उतरला, दुरुस्त झाला, उधारीने हजारो रुपये गेले, ट्रेमधली निम्मी रोपे कोमेजली. पंप बसवल्यावर गाडी पुन्हा त्याच चढाला बंद! शेवटी वाहन विभागातल्या एका जुन्या फिटरने अर्ध्या तासात दोष काढला. टाकीकडून येणारी रबरी नळी क्लिपखाली चिरली होती. नळीची किंमत चहापाण्याइतकी. त्या दिवशी जे शिकलो ते इथे मांडत आहोत.

डिझेलची वाट

आधी जुन्या पद्धतीच्या, म्हणजे साध्या यांत्रिक पंपाच्या गाडीचे पाहू. ट्रॅक्टरचेही बहुतेक असेच असते. टाकीतून डिझेल नळीने फीड पंपाकडे येते. फीड पंप ते ओढून फिल्टरमधून पुढे ढकलतो. तिथून ते मुख्य पंपात जाते. मुख्य पंप ते मोजून, प्रचंड दाबाने नोझलकडे पाठवतो आणि उरलेले परतीच्या नळीने टाकीत जाते.

आपल्या पाटासारखेच आहे हे. शेवटच्या सरीला पाणी पोचले नाही तर आपण लगेच मोटर खोलत नाही. आधी पाट कुठे फुटला, कुठे तुंबला ते पाहतो. इथेही तसेच करावे.

मुख्य पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांत फट असते ती मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन-तीन भागांची. पाण्याचा थेंब वा बारीक कचरा त्याला सोसत नाही. पण स्वच्छ डिझेल मिळाले तर हाच पंप वर्षानुवर्षे तक्रार करीत नाही. म्हणून संशय त्याच्यावर सर्वांत शेवटी घ्यावा.

धूर काय सांगतो

स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे पाहा.

इंजिन फिरते पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. टाकी, नळ्या, फिल्टर, हवा धरणे किंवा बंद करण्याची दोरी अडकणे यांपैकी काहीतरी असावे. ज्या गाडीत बंद करण्याचे काम विजेच्या सोलेनॉइडवर असते, तिथे चावी फिरवताच पंपापाशी 'टक्' आवाज यावा. नाही आला तर आधी वायर व फ्यूज पाहावा.

पांढरा धूर येतो पण गाडी पेटत नाही, म्हणजे डिझेल पोचते, जळत नाही. थंडी, डिझेलमधले पाणी, नोझल, कमी कॉम्प्रेशन किंवा पंपाचे टायमिंग ही कारणे.

काळा धूर आणि ओढ कमी, तर आधी एअर क्लीनर उघडा. तोडणीच्या फडातली धूळ तिथेच बसलेली असते. तो साफ असेल तर मग नोझल आणि पंप.

बाहेर न गळणारी गळती

आमची चूक झाली ती इथे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ही ओढीची बाजू. तिला चीर पडली तर डिझेल बाहेर टपकेलच असे नाही, उलट हवा आत ओढली जाते. नळी कोरडी दिसते म्हणून आपण ती चांगली समजतो. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, तिथली गळती ओली दिसते.

रात्रभर उभी गाडी सकाळी फार स्टार्टर खाते, चालू होऊन मिनिटभराने बंद पडते, किंवा टाकी अर्धी झाली की त्रास देते, ही हवा धरल्याची खूण. या नळीच्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी लावून पाहावे. बुडबुडे दिसले की निकाल लागला.

क्रमाने करावयाची तपासणी

१. टाकीत डिझेल खरेच आहे का ते काठीने पाहा. काट्यावर विसंबू नका.

२. गाडी दमू लागताच टाकीचे झाकण सैल करा. 'फुस्स' होऊन गाडी सुधारली तर झाकणाचे हवेचे भोक चिखलाने बुजले आहे.

३. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी खाली वेगळे बसते.

४. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप मारा. भरघोस, बिनबुडबुड्याचे डिझेल आले तर वाट मोकळी आहे. बुडबुडे थांबतच नाहीत, तर ओढीच्या बाजूला हवा येते. दांडा वर ओढताना जड जातो, तर टाकीकडे तुंबले आहे. खाली दाबताना जड जातो, तर फिल्टर भरला आहे. दांडा सैल हलतो आणि डिझेल येत नाही, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह किंवा त्याचे रबर पाहावे.

५. डिझेलचा स्वच्छ कॅन इंजिनपेक्षा उंच धरून त्याची नळी फीड पंपाच्या तोंडाला जोडा. गाडी चांगली चालली तर दोष टाकी वा नळीत. नाही चालली तर तीच नळी फीड पंप सोडून फिल्टरच्या तोंडाला जोडा. आता चालली तर दोष फीड पंपात.

६. इंजिन ऑइलची पट्टी पाहा. ऑइल वाढले आहे आणि डिझेलचा वास येतो, तर फीड पंपाचा पडदा फाटला असेल किंवा मुख्य पंपाचे सील गेले असेल. अशी गाडी चालवू नये, बेअरिंगे जातील.

इतके करून, स्वच्छ आणि हवारहित डिझेल मुख्य पंपापर्यंत पोचते अशी खात्री झाली, नोझलही तपासून झाले, आणि तरीही गाडी ओढत नाही, तरच मुख्य पंपाकडे वळावे. तो घरी खोलू नये. टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच त्याचे माप घ्यावे आणि उतरवण्यापूर्वी टायमिंगची खूण करून ठेवावी.

स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांहून जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावे. काम करताना गाडीच्या चाकाला दगड लावावा आणि विडी-काडी दूर ठेवावी.

नव्या गाड्यांस हे लागू नाही

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल पिकअप कॉमन रेल पद्धतीच्या आहेत. टायरात हवेचा दाब २-३ बार असतो. या गाड्यांच्या नोझलकडच्या नळ्यांत तो १,००० बारच्याही वर जातो. जुन्या सवयीने पाना लावून नट सैल करू नये. सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आतून हात सडू शकतो. असे झाल्यास घरगुती उपाय न करता तात्काळ इस्पितळात जावे आणि डॉक्टरांना "दाबाचे डिझेल शिरले" असे स्पष्ट सांगावे. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी.

या गाडीत आपण करायचे ते एवढेच: पाणी काढणे, फिल्टर वेळेवर बदलणे, बॅटरी व फ्यूज पाहणे. ज्या गाडीच्या टाकीत विजेचा पंप असतो, तिथे चावी लावताच काही सेकंद गुणगुण ऐकू येते का ते पाहावे. पुढचे काम संगणकयंत्र लावणाऱ्या मिस्त्रीचे. फिल्टरमध्ये चमकणारा धातूचा चुरा दिसला तर मात्र गाडी तिथेच थांबवावी, कारण तो चुरा पंपाकडून नोझलपर्यंत सगळे खातो.

हंगामाआधी

बॅरलमधले डिझेल निवळू द्यावे, तळचे चार बोटे घेऊ नये. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावा. रबरी नळ्या क्लिप सोडून वाकवून पाहाव्यात. टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्री तिच्यात दव धरत नाही.

आणि कुणी, अगदी आमच्यासारख्या अधिकाऱ्याने जरी, उभ्या-उभ्या "पंप गेला" असे सांगितले, तरी सभासदांनी विचारावे, "साहेब, नळी पाहिली का?"

आपला,
ऊस विकास अधिकारी