डोंगर धरून आहे तोवर

वारूळवाडी आणि नारायणगाव ही पुणे-नाशिक महामार्गावरील जुळी गावे जुन्नर तालुक्याच्या अशा पट्ट्यात वसली आहेत, की तेथे आषाढातही द्राक्षांच्या मांडवांवर आणि टोमॅटोच्या शेतांवर नुसती भुरभुर चालू असते. पण वडज धरणातून मीना नदीत पाणी सोडल्याची वर्दी आली आणि पुलाखालचे पात्र तांबडे होऊन वाहू लागले, म्हणजे पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर कसल्या धारा लागल्या आहेत, हे येथील जाणत्या माणसाला सांगावे लागत नाही. एकाच तालुक्याच्या हद्दीत पूर्वेकडचा शेतकरी पावसाची वाट पाहत असतो आणि पश्चिमेकडचा, गुडघाभर चिखलात भाताची लावणी करीत असता, पाठीमागच्या डोंगराकडे अधूनमधून नजर टाकीत असतो. ही नजर टाकणे म्हणजे नेमके काय पाहणे, आणि पाहून झाल्यावर नेमके काय ठरवणे, हाच या लेखाचा विषय आहे.

मीनेच्या दक्षिणेला घोड नदीचे खोरे लागते. मंचरहून घोडेगाव, तेथून डिंभे, आणि डिंभ्याच्या हुतात्मा बाबू गेनू सागराच्या वरच्या अंगाला, बुब्रा नदीच्या काठी, माळीण हे आंबेगाव तालुक्यातील गाव होते. ३० जुलै २०१४ रोजी, बुधवारी सकाळी, गावामागचा उतार चिखल, मुरूम, दगड आणि झाडे यांसह खाली आला, आणि काही क्षणांत चाळीसच्या वर घरे त्याखाली गेली. बाहेरच्या जगाला ही वार्ता प्रथम कळली ती एस.टी.च्या एका चालकामुळे; नेहमीच्या फेरीला आलेल्या त्या माणसाला गाव जागेवर दिसेना. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान सुमारे आठवडाभर चिखल उपसत राहिले. दीडशेहून अधिक माणसे मृत झाली; मोजकी वाचली, त्यांत एक तान्हे मूल व त्याची आई होती. जिल्हा परिषदेची शाळा मात्र जागच्या जागी उभी राहिली.

आदल्या दिवशी तेथे पडलेल्या पावसाचा आकडा त्या वेळी १०८ मिलिमीटर असा प्रसिद्ध झाला होता. हवामानखात्याच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस ‘मुसळधार’ या सदरात मोडतो. ‘अतिमुसळधार’ त्याच्या पुढचा आणि २०४.४ च्या वरचा त्याहूनही पलीकडचा. म्हणजे घाटमाथ्याच्या मानाने हा आकडा काही अघटित नव्हता, आणि एवढा पाऊस गावाने पूर्वी अनेकदा सोसला असणार. मग त्या दिवशीच डोंगराने का सोडले, या प्रश्नाचे उत्तर एका दिवसाच्या पावसात शोधू गेल्यास सापडत नाही; ते उताराच्या पोटात शोधावे लागते.

या शोधात एक अगदी दूरचे शास्त्र आपल्या उपयोगी पडते. युरोपातील आल्प्स पर्वतात, उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतात आणि आपल्याकडे काश्मीरमध्ये गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या उतारांवर, आखून दिलेल्या वाटा सोडून पायांना स्की बांधून मोकळ्या हिमातून उतरणाऱ्या लोकांचा खरा वैरी म्हणजे हिमस्खलन. हिम एका वेळी पडत नाही. थरावर थर साचतात, आणि त्यांतला एखादा थर, थंडीत कणाकणांनी भुसभुशीत झालेला, वरच्या घट्ट पाट्याखाली दबून राहतो. वरून सर्व शुभ्र, सपाट, निर्धोक दिसते. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान असला आणि वरचे ओझे वाढले, मग ते नव्या हिमाचे असो की एका माणसाच्या वजनाचे, की उतरंडीतले तळचे मडके हलावे तसा तो दुबळा थर ढासळतो आणि वरचा सगळा पाटा निसटतो. अशा अपघातांत सापडलेल्यांपैकी बहुतेकांवर कोसळलेला पाटा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच हलवलेला असतो, ही गोष्ट त्या शास्त्राने निर्विवाद सिद्ध केली आहे.

आपल्या सह्याद्रीच्या पोटातही थरच आहेत. कठीण काळा पाषाण, त्यावर सच्छिद्र खडक, मध्येच लाल मातीचा पट्टा, त्यावर कुजून झालेला मुरूम आणि सर्वांत वर हात-दोन हात माती. जून-जुलैचे पाणी माती-मुरुमातून मुरत खाली जाते आणि कठीण खडकाशी अडते. तेथून बाजूने वाट मिळाली तर झरा होऊन निघते, न मिळाली तर तेथेच तुंबते, आणि तुंबलेल्या पाण्याचा दाब मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सैल करतो. कित्येक दिवसांच्या पावसाने हे काम आतून पुरे झाले, की शेवटचा शंभर मिलिमीटर पाऊस निमित्तमात्र ठरतो. उताराचा पायथा घरासाठी वा रस्त्यासाठी कापलेला असेल, किंवा पाण्याचा जुना ओहळ बुजलेला असेल, तर हे काम अधिक लवकर पुरे होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पाहणीत माळीणच्या उतारावर केलेले सपाटीकरण आणि पाण्याच्या निचऱ्याचा अभाव या दोहोंचा उल्लेख आला, तो याच कारणाने.

येथे पडकईविषयी चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण माळीणनंतर तिच्यावर बराच दोषारोप झाला. पडकई ही या डोंगराळ मुलुखातील महादेव कोळी समाजाची जुनी रीत आहे: उन्हाळ्यात एकमेकांच्या शेतावर मिळून राबायचे, हाताने दगड रचून ताल घालायचे आणि तीव्र उतारावर भाताची लहान लहान खाचरे पाडायची. दगडाच्या तालीतून पाणी झिरपत राहते; खाचर माणसाच्या बळाने पडते म्हणून डोंगराला झेपेल एवढेच पडते. जेसीबीसारखे यंत्र उतारावर चढले, की हे प्रमाण मोडते, असा आक्षेप या भागात काम केलेल्या कार्यकर्त्यांनी त्या वेळी घेतला आणि त्यावर बराच वाद माजला. माळीणच्या बाबतीत त्या वादाचा निकाल काहीही लागो. पण हाताने घातलेली ताल आणि यंत्राने केलेला उभा काप या दोहोंना एकाच नावाखाली गोवून आदिवासी शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

उताराचे शास्त्र येथवर आले. परंतु हिमस्खलनाच्या अभ्यासकांनी याहून महत्त्वाचे काम केले आहे ते माणसाच्या मनाविषयी. अमेरिकेतील इयान मॅकॅमन या संशोधकाने १९७२ नंतरच्या तीस वर्षांतील ७१५ अपघातांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये असे दाखवून दिले, की धोक्याची उघड चिन्हे समोर असतानाही, आणि प्रशिक्षण घेतलेले असतानाही, माणसे उतारावर गेली. आणि त्यांना तेथे नेणारी कारणे अगदी साधी होती. उतार नेहमीचा होता. एकदा ठरवलेला बेत मोडवत नव्हता. सोबत एक अनुभवी गृहस्थ होते आणि बाकीच्यांनी विचार त्यांच्यावर सोपवला होता. इतर लोकही तेथे गेलेले दिसत होते. अशी संधी पुन्हा मिळणार नाही, असे वाटत होते.

ही कैफियत घाटमाथ्यावरच्या वस्तीची म्हणूनही वाचता येते. आजा-पणज्यापासून येथेच राहतो, डोंगराने कधी दगा दिला नाही; लावणी अर्धी झाली आहे, गुरे गोठ्यात आहेत, आता घर सोडून कोठे जायचे; शेजारचे कोणी निघाले नाहीत, मग आपणच का निघावे; तलाठ्याकडून काही हुकूम नाही, म्हणजे काही भय नसावे. या प्रत्येक विचारात शहाणपण आहे, आणि एरवीच्या सर्व व्यवहारांत माणूस याच शहाणपणावर जगतो. पण उतार हा फार फसवा गुरू आहे. विहिरीच्या काठावर चुकीचा पाय पडला तर तो तत्क्षणी कळतो; उताराखाली चाळीस पावसाळे निभावले, तर त्याचा अर्थ उतार भक्कम आहे असा, की आपण चाळीस वेळा थोडक्यात बचावलो असा, हे उतार कधीच सांगत नाही.

सरकारी याद्यांच्या भरवशाचेही असेच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इरसालगडाच्या कुशीतील इरसालवाडी गाडली गेली, तेव्हा दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. यादी करणे चुकीचे नाही. ती झालीच पाहिजे, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने आता देशभराचे नकाशे केले आहेत, कोलकात्याला २०२४ मध्ये भूस्खलनाच्या पूर्वानुमानाचे केंद्रही सुरू झाले आहे. पण यादीत नाव नसणे ही अभयाची सनद नव्हे. अनुभवालाही तशी सनद मिळत नाही: ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखराजवळच्या हिमस्खलनात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे जे २९ जण गेले, त्यांत शिकाऊ होते तसे शिकवणारेही होते; आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनच्या ज्या चौकीवर हिमाचा कडा कोसळून दहा जवान मृत्युमुखी पडले, त्यांतला एक आपल्या साताऱ्याचा होता.

पावसाळी भटकंतीला येणाऱ्या तरुण मंडळींनाही हे लागू आहे. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघून रविवारी पहाटे नाणेघाट, जीवधन वा आहुपे गाठणाऱ्या चमूला एकच दिवस मोकळा असतो, गाडीभाडे दिलेले असते, आणि म्होरक्या जाणता असतो. माळशेज घाटात दर पावसाळ्यात दरडी येऊन वाहतूक खोळंबते हे त्यांना ठाऊक असते; पण परतीचा निर्णय भिजलेल्या, थकलेल्या आणि हौसेने भारलेल्या अवस्थेत, उताराच्या पायथ्याशी उभे राहून घ्यावा लागतो.

नेमकी हीच वेळ निर्णयाला सर्वांत वाईट, हे जाणून हिमातले जाणकार तो आदल्या रात्रीच, घरी, कोरड्या अंगाने घेतात. धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी रोज प्रसिद्ध होते. अमुक श्रेणीच्या वर अमुक अंशाहून तीव्र उतारावर पाऊल टाकायचे नाही, हे आधी ठरते. वाटेत नवे स्खलन दिसले, पायाखालून ‘धप्प’ असा घुमता आवाज आला, स्कीच्या पुढे हिमाला चीर पळाली, तर चर्चा न करता परतायचे. आणि चमूतील सर्वांत नवख्या माणसाने ‘नको’ म्हटले तरी ते सर्वांवर बंधनकारक. सोबत पुरलेल्याचा ठाव लावणारे संदेशयंत्र, सळई आणि फावडे असतेच, कारण पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुसंख्य जगतात आणि पुढे आशा झपाट्याने मावळते. चिखल-दगडाच्या ढिगाऱ्यात तेवढीही मुदत मिळत नाही. म्हणून आपल्याकडे सारे भवितव्य आधी निघण्यावर आहे.

केरळातील वायनाडमध्ये ह्यूम केंद्र नावाच्या संस्थेने शेतकऱ्यांच्या साह्याने जिल्हाभर पर्जन्यमापके बसवली आहेत, आणि ३० जुलै २०२४ च्या, म्हणजे माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी ओढवलेल्या भीषण भूस्खलनाच्या आदल्या दिवशी, या नोंदींवरून तिने इशाराही दिला होता. तो वेळीच पुरेसा अमलात आला नाही आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. पण इशारा गावागावांच्या मोजणीतून निघू शकतो, एवढे सिद्ध झाले.

हे आपल्याकडे अशक्य नाही. सपाट तळाची, सरळ भिंतींची एक बरणी झाडा-छपरापासून दूर उघड्यावर ठेवावी, रोज सकाळी साडेआठला, हवामानखात्याचा चोवीस तासांचा हिशेब पुरा होतो त्या वेळी, फूटपट्टीने पाणी मोजावे आणि शाळेच्या फळ्यावर आकडा लिहावा. पाचवीतली मुलगीही हे करू शकते. त्याच्या जोडीला उताराची चिन्हे: डोंगरावर नवी अर्धवर्तुळाकार भेग, भिंतीला पडलेली ताजी चीर, एकाएकी अडकू लागलेले दार, कललेला विजेचा खांब, गढूळ झालेला झरा, भर पावसात आटलेला ओढा. यांतले एक दिसले तरी त्या रात्री घरात झोपायचे नाही.

माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये घरे ताब्यात मिळाली. त्याच वर्षीच्या जूनच्या पहिल्या जोरदार पावसात तेथील रस्ते खचले आणि भराव सरकला. जागा बदलली तरी उताराकडे पाहणे सुटत नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीला माझी विनंती एवढीच आहे, की मृगाआधीच्या ग्रामसभेत तीन गोष्टींचा ठराव करून दफ्तरी रुजू करावा: पाऊस कोण मोजणार, किती दिवसांत किती झाला म्हणजे निघायचे, आणि निघून, गुरांसह, कोणत्या जागी मुक्काम करायचा. निघायचा आकडा तहसील कार्यालयामार्फत भूवैज्ञानिकांकडून ठरवून घ्यावा; आणि दहा वेळा निघून काहीच घडले नाही, तरी अकराव्या वेळी ठरावाप्रमाणे निघावे.