नवा राजवाडा, कोल्हापूर

नाव 'नवा', वय मात्र १४० वर्षांच्या पुढचं. बांधकाम १८७७ ते १८८४. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही मुळात त्याच्याच कागदावरचा. मात्र १८८१ मध्ये तो वारला. दोन्ही वास्तू पूर्ण झालेल्या त्याला पाहता आल्या नाहीत.

काळा घडीव दगड, गुजराती-राजस्थानी वळणाचे घुमट नि कमानी, मधोमध घड्याळाचा अष्टकोनी मनोरा. अशी सरमिसळ एरवी भडक वाटते. इथे दगडाच्या एकाच रंगाने ती सावरली आहे. दुमजली उंचीच्या दरबार हॉलमध्ये मात्र रंगांची चंगळ: खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय. वर आजही राजघराण्याचा राबता.