दुरुस्ती पाठवण्याआधी

बारा वर्षांपूर्वी एका मुक्त स्रोत प्रणालीचा मराठी अनुवाद वापरताना मला त्यात बऱ्याच चुका दिसल्या. ‘संचयित करा’सारखे बोजड शब्द जाऊन ‘जतन करा’ यावे, एवढीच माझी इच्छा होती. दोन रविवार बसून चाळीसेक ठिकाणी शब्द बदलले, वाटेत दिसलेले शुद्धलेखन सुधारले, फाइलीतल्या ओळींची मांडणी नीट केली आणि सगळे एकगठ्ठा पाठवून दिले. चार दिवसांनी उत्तर आले: आभार, पण हे असे घेता येणार नाही. तीन प्रकारचे बदल तीन वेगळ्या दुरुस्त्या म्हणून पाठवा; शिवाय एका ओळीतली खूण गळली आहे, ती पाहा.

मला राग आला. फुकट काम करायचे आणि वर नियमही ऐकायचे! मग ती ओळ उघडून पाहिली. मूळ वाक्यात एक छोटी खूण होती. कार्यक्रम चालू असताना तिच्या जागी फाइलीचे नाव येते आणि ‘ही अमुक फाइल कायमची पुसायची का?’ असा प्रश्न विचारला जातो. माझ्या सुबक मराठी वाक्यात ती खूणच नव्हती. कोणती फाइल पुसली जाणार आहे हे न कळताच कुणीतरी ‘हो’ दाबले असते. त्या दिवसापासून मी अशा प्रकल्पांचे नियम लक्षपूर्वक वाचू लागलो.

नियम कशासाठी?

या नियमांचा सर्वांत तपशीलवार नमुना लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, दस्तऐवजांत सापडतो. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१च्या ऑगस्टमध्ये आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. आज तीच प्रणाली अँड्रॉइड फोनपासून महासंगणकांपर्यंत सर्वत्र आहे आणि जगभरातले हजारो लोक तिच्यात बदल सुचवतात. त्यांतले पुष्कळजण आता पगारी असले, तरी कुणीही दुरुस्ती पाठवू शकतो ही पद्धत कायम आहे. या दुरुस्तीला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात.

पहिला नियम: एका पॅचमध्ये एकच बदल. याचे कारण अगदी व्यवहारी आहे. नव्या आवृत्तीत काही बिघडले, तर कोणत्या बदलाने बिघडले ते शोधावे लागते. टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली लिहिलेल्या ‘गिट’ या साधनात त्यासाठी निम्मे-निम्मे करत जाण्याची सोय आहे. मधली आवृत्ती तपासायची. ती चांगली निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, बिघडलेली निघाली तर आधीच्या अर्ध्यात. अशा रीतीने हजार बदलांतला दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत हाती लागतो. पण त्या एका बदलात चाळीस गोष्टी कोंबलेल्या असतील, तर शोध पुन्हा पहिल्यापासून. माझा गठ्ठा का परत आला, ते इथे उमगले.

दुसरा नियम वर्णनाचा. काय बदलले ते फरकावरून दिसतेच. का बदलले ते शब्दांत लिहायचे. आधी अडचण सांगायची, वापरणाऱ्याला तिचा त्रास काय होतो ते सांगायचे आणि मग उपाय. पाच वर्षांनी ती ओळ पाहून बुचकळ्यात पडणाऱ्या अनोळखी माणसासाठी हे लिहिलेले असते.

तिसरा नियम सहीचा. लिनक्समध्ये अनधिकृत मजकूर घुसल्याचा वाद २००३ साली अमेरिकेतल्या न्यायालयात गेला. त्यानंतर २००४ पासून प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याने स्वतःच्या ओळखीची ओळ लिहावी, अशी पद्धत आली. हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती ग्वाही असते. निनावी दुरुस्ती घेतली जात नाही.

आणि चौथा, सर्वांत अवघड: वाट पाहणे. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, निदान आठवडाभर तरी तगादा लावू नका, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. मजकूर लिहिणारे पुष्कळ असतात, तपासणारे थोडे. सगळे नियम या थोड्यांचा वेळ वाचवण्यासाठी आहेत.

विश्वासाची किंमत

तपासणारा थकला तर काय होते, हे २०२४च्या मार्चमध्ये दिसले. ‘एक्सझेड’ हे फाइली आवळून लहान करणारे साधन असंख्य लिनक्स यंत्रणांत असते. त्याचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एकाच स्वयंसेवकावर होता. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षे नियमानुसार, उपयुक्त दुरुस्त्या पाठवून त्याचा विश्वास मिळवला. दरम्यान काही अनोळखी खाती ‘काम फार संथ चालले आहे, जबाबदारी दुसऱ्याला द्या’ असा दबाव आणत राहिली. अखेर अधिकार हाती आल्यानंतर त्या व्यक्तीने साधनात चोरदरवाजा बसवला. दूरच्या यंत्रणेत शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, अशी शंका आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आली, म्हणून तो उघडा पडला.

या घटनेतून मी दोन गोष्टी घेतल्या. नियम पाळणारा प्रत्येकजण प्रामाणिक असतोच असे नाही. नियम फक्त तपासणी शक्य करतात, ती कुणीतरी करावीच लागते. आणि स्वयंसेवकाला घाई करणारे पत्र लिहिताना, त्याच्यावर आधीच किती ओझे आहे याचा विचार करावा.

ज्यांना या कामात उतरायचे आहे, त्यांनी प्रकल्पाची योगदान-सूचना आधी पूर्ण वाचावी. पहिली दुरुस्ती लहान असावी. अनुवादातली एक चूकही चालेल. नाकारली गेली तर कारण विचारावे, बाजू मांडावी, पण निर्णय मान्य करावा. माझ्या तीन दुरुस्त्यांपैकी दोन स्वीकारल्या गेल्या. तिसरी नाही, कारण मी बदललेल्या काही शब्दांवर आधीच्या अनुवादकांचे एकमत झालेले होते आणि मी ते विचारलेही नव्हते.

आता त्याच प्रकल्पातल्या मराठी दुरुस्त्या तपासायला माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याने साठ ठिकाणचे बदल एकत्र पाठवले. मी आधी आभार मानले, मग त्यांचे तीन भाग करायला सांगितले. कोणते तीन, आणि का, हेही लिहिले.