चुकलेले अक्षर

विषाणू इतका सूक्ष्म असतो, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. सजीवाच्या पेशीत शिरल्यावाचून त्याची वाढ होत नाही. तेथे त्याच्या असंख्य नकला तयार होतात. पोथी उतरून घेताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकावे, तशी या नकलांतही चूक होते. तिलाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुका वाया जातात. परंतु नव्या प्राण्याच्या शरीरात एखादी चूक विषाणूच्या पथ्यावर पडते व तीच वाढीस लागते.

इ. स. २०२० मध्ये डेन्मार्क देशात याचा प्रत्यय आला. तेथे मिंक नावाचे लहान प्राणी त्यांच्या मऊ, केसाळ कातड्यासाठी पाळीत असत. माणसांकडून करोना विषाणू त्यांच्यात शिरला आणि दाटीवाटीच्या पिंजऱ्यांतून झपाट्याने पसरला. पेशीला चिकटण्यासाठी या विषाणूच्या अंगावर काटे असतात; त्या काट्यांत बदल घडला. असा बदललेला विषाणू पुन्हा माणसांत आला! नव्या लसी त्याच्यापुढे दुबळ्या ठरतील, या भीतीने सरकारने नोव्हेंबर महिन्यात सर्व मिंक मारण्याचे ठरविले. सुमारे दीड कोटी प्राणी प्राणांस मुकले.

रोग मात्र प्रथम माणसानेच त्यांना दिला होता. म्हणूनच मुक्या प्राण्यांचे आरोग्य राखणे म्हणजे आपलेच आरोग्य राखणे होय.